बर्फ न पडणाऱ्या उपनगरात मुलांचा ‘हिवाळी वाचनकट्टा’ कसा चालवायचा?

डिसेंबर उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक हस्तकला हमखास फिरते. निळा कार्डशीट, त्यावर कापसाचे दोन गोळे, गाजराच्या आकाराचं नाक आणि गळ्यात लाल मफलर. झाला बर्फाचा माणूस तयार! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तो घरोघरच्या फ्रिजवर चिकटलेला दिसतो. तो बनवणाऱ्या मुलांनी मात्र बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर त्याच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात.

मग मुंबईत हिवाळा नसतोच का? असतो की! सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. २२ जानेवारी १९६२ रोजी तर तिथला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. पण मुंबईचा हिवाळा पाऱ्यापेक्षा इतर खुणांनी जास्त ओळखू येतो. कपाटातून गोधडी बाहेर येते, भाजीवाल्याकडे मटार आणि ओला हरभरा दिसू लागतो, ठाण्याच्या खाडीत गुलाबी पाहुणे उतरतात आणि संध्याकाळी साडेसहालाच खेळ आटोपून घरी यावं लागतं.

लहान मुलांसाठी वाचन आणि हस्तकलेचा हिवाळी उपक्रम करायचा असेल, तर या खुणाच सगळ्यात चांगला कच्चा माल आहेत. पुस्तकातली गोष्ट आणि खिडकीबाहेरचं जग यांची गाठ पडली की मूल पुस्तकाकडे परत येतं. सोसायटीत, चाळीत किंवा वाचनालयात असा कट्टा सुरू करायचा असेल तर काय काय लागतं, ते बघूया.

हिवाळाच का?

पहिलं कारण सोयीचं आहे. पाऊस नाही, घामाच्या धारा नाहीत आणि परीक्षांचा मोठा हंगाम अजून दूर असतो.

दुसरं कारण कॅलेंडरमध्ये आहे. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो आणि १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय पुस्तक सप्ताह म्हणून साजरा होतो. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड इथे त्यांचा जन्म झाला. ११ जून १९५० रोजी ते गेले आणि त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी ‘साने गुरुजी कथामाला’ सुरू केली. पुढे नाताळची सुट्टी, मकरसंक्रांत, रथसप्तमी आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. गोष्ट सांगायला निमित्त शोधावं लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. उपनगरांतल्या असंख्य घरांत मुलं मराठी छान बोलतात, पण शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे देवनागरी वाचताना अडखळतात. आजीशी तासभर गप्पा मारणारं मूल आजीने दिलेलं पुस्तक मात्र बाजूला ठेवतं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. पण ‘विषय’ म्हणून शिकलेली भाषा आणि मजेसाठी वाचलेली भाषा यात फरक असतो. विषयाचं पुस्तक परीक्षेनंतर बंद होतं.

वयाचाही मुद्दा आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. म्हणजे चार ते आठ हे वय वाचनाची बैठक घालण्याचं. हिवाळी कट्टा नेमका याच वयासाठी असावा.

ही कल्पना परदेशी आहे का?

अजिबात नाही. हाताशी असेल त्यातून शिकण्याचं साहित्य करायचं, हा धडा महाराष्ट्राला ताराबाई मोडक यांनी दिला आहे. त्यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. त्या काळात माँटेसरी पद्धतीचं तयार साहित्य महाग होतं आणि गरीब मुलांपर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी इथे काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं आणि त्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या यांतून मोजायचं, रचायचं, रंग ओळखायचं साहित्य त्यांनी तयार केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली.

बोर्डी काही फार लांब नाही. बोरिवलीहून पश्चिम रेल्वेनेच घोलवड स्टेशन गाठायचं आणि तिथून पुढे बोर्डी. कापसाच्या बर्फापेक्षा चिंचोके आणि गोधडीचे तुकडे का बरे, याचं उत्तर तिथे ऐंशी वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे.

जागा, मुलं आणि मोठी माणसं

जागा साधी चालते. सोसायटीचं ऑफिस, क्लबहाऊसचा कोपरा, चाळीतली गॅलरी किंवा एखाद्याचा हॉल. सोसायटीची जागा असेल तर कमिटीकडून आधी लेखी परवानगी घ्यावी, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ‘कोणी सांगितलं इथे बसायला?’ हा प्रश्न येत नाही. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून पाहायलाही हरकत नाही. विलेपार्ल्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचं वाचनालय आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा शहरात ठिकठिकाणी आहेत. आधीच पुस्तकं असलेल्या जागेत कट्टा भरला तर निम्मं काम झालं.

मुलं १० ते १२ पुरेत. चित्रांचं पुस्तक सगळ्यांना दिसायला हवं, आणि पंधराच्या पुढे गेलं की मागच्या रांगेत कुस्ती सुरू होते. मोठी माणसं किमान दोन हवीत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने शू-शी, पाणी आणि भांडणं सांभाळायची. सोसायटीतले आजी-आजोबा या कामाला उत्तम. त्यांना वेळ असतो, गोष्टी येतात आणि गोधडी कशी शिवतात हेही माहीत असतं.

नावनोंदणी करताना तीनच गोष्टी लिहून घ्याव्यात: पालकांचा फोन नंबर, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि मुलाला घरी न्यायला कोण येणार.

सव्वा तासाचं वेळापत्रक

शनिवार किंवा रविवार, सकाळी साडेदहा ते पावणेबारा ही वेळ बरी पडते. सकाळचा गारवा गेलेला असतो आणि जेवायची वेळ झालेली नसते.

- पहिली १० मिनिटं: मुलं येतील तशी सतरंजीवर पसरलेली पुस्तकं चाळतील. कोणी उलटं धरलं तरी हरकत नाही.
- पुढची २० मिनिटं: मोठ्याने वाचन. एकच पुस्तक.
- १० मिनिटं: त्या पुस्तकावर गप्पा.
- २५ मिनिटं: गोष्टीतून निघालेली हस्तकला.
- शेवटची १० मिनिटं: आवराआवर आणि घरी न्यायला एक पुस्तक निवडणं.

हा क्रम बदलू नये. कात्री आणि रंग आधी बाहेर काढले की पुस्तकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. शेवटची दहा मिनिटंही खाऊ नयेत, कारण घरी गेलेलं पुस्तक आठवडाभर काम करतं.

वाचून दाखवायचं म्हणजे नेमकं काय?

भरभर वाचून ‘तात्पर्य काय?’ असं विचारणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांचं पुस्तक वाचताना मुलालाच बोलतं करायला शिकवलं. मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत म्हणायचं आणि मग गोष्ट पुढे न्यायची. अवघ्या चार आठवड्यांत या मुलांचं बोलणं नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलं. या पद्धतीला ‘संवादी वाचन’ म्हणता येईल.

कट्ट्यावर ते असं दिसतं. चित्रात एक पक्षी पाण्यात उभा आहे. ‘हा कोण?’ असं विचारलं तर एकाच शब्दात उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘हा एका पायावर का बरं उभा असेल?’ असं विचारलं की दहा मुलं दहा कारणं सांगतात. एखादा म्हणतो, ‘पाय थंड.’ मग मोठ्याने म्हणायचं, ‘हो, पाणी थंडगार आहे म्हणून त्याने एक पाय पिसांत लपवला असेल.’ दोन शब्दांचं वाक्य मुलाच्या डोळ्यांदेखत मोठं होतं.

आणखी काही सवयी उपयोगी पडतात. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावं आणि ओळीखालून बोट फिरवावं, म्हणजे आवाज आणि अक्षर यांची जोडी जुळते. आदल्या दिवशी पुस्तक एकदा स्वतः मोठ्याने वाचून पाहावं. मुलांनी तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर कंटाळू नये, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मुलं शब्द ओळखू लागतात. आणि कोणालाही ‘आता तू वाच बघू’ म्हणून उभं करू नये. अडखळणाऱ्या मुलासाठी तो क्षण शाळेपेक्षा वाईट असतो.

पुस्तकं कुठून आणायची?

पंचवीस-तीस पुस्तकांत कट्टा सुरू होतो. सगळी विकत घ्यायची गरज नाही.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं हा मराठीतला भक्कम पाया. ‘राधाचं घर’ हा संच लहानांसाठी, तर ‘वाचू आनंदे’ ही मालिका थोड्या मोठ्यांसाठी. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिका कमी किमतीत मिळते. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ते मोठ्या मुलांसाठी असलं तरी सांगायला गोष्टी भरपूर सापडतात.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उघडलं. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि अनुवादही करता येतात. वाचनाच्या पातळीनुसार निवडीची सोय आहे. एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते, हा घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीसाठी मोठाच फायदा. तिथल्या सोसायट्यांत मराठी आणि गुजराती मुलं एकत्रच खेळतात. मराठीत वाचलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी बा किंवा दादाजींनी गुजरातीत वाचली, तर शेजारधर्मही होतो आणि दोन्ही लिप्यांची तोंडओळखही.

एक पथ्य मात्र पाळायचं. विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवायच्या नाहीत. मराठी बालपुस्तकांचा धंदा आधीच लहान आहे. मुक्त परवान्याच्या गोष्टी हव्या तितक्या वाटा, बाकीची वाचनालयातून आणा किंवा विकत घ्या.

आठ आठवडे, आठ विषय

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरुवात केली तर संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात सांगता होते. विषय असे घेता येतील.

१. गोधडी. घर, आजी किंवा झोप या विषयावरची गोष्ट वाचावी. मग घरातली एखादी खरी गोधडी मांडून जुन्या साडीचा, शर्टाचा कोणता तुकडा कुठून आला ते पाहावं. हस्तकला म्हणजे कागदाची गोधडी. प्रत्येकाला एक वीतभर चौकोन द्यायचा. त्यावर कापडाच्या चिंध्या आणि रद्दीचे तुकडे चिकटवायचे आणि कडेने रंगीत खडूने टाके काढायचे. सगळे चौकोन जोडून भिंतीवर लावले की पहिल्याच दिवशी कट्ट्याची स्वतःची खूण तयार होते.

२. खाडीतले पाहुणे. थंडीच्या सुमारास ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येतात. त्यांना अग्निपंख असंही म्हणतात. मुलुंड, भांडुप आणि घाटकोपरच्या पूर्वेला हीच खाडी आहे. २०१५ मध्ये खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मुलांना सगळ्यात आवडणारी माहिती ही की रोहितचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्याला गुलाबी रंग चढतो. तळहाताला गुलाबी रंग लावून कागदावर ठसा उमटवायचा, तो झाला पंख. मग लांब मान, वाकडी चोच आणि काडीसारखे पाय काढायचे. शेजारी पेन्सिलीने एक राखाडी पिल्लू.

३. थंडीचा बाजार. मटार, गाजर, ओला हरभरा, पेरू, आवळा, बोरं आणि ऊस यांतलं जे मिळेल ते टोपलीत आणावं. डोळे झाकून वास आणि स्पर्श ओळखण्याचा खेळ घ्यावा. उंधियू कशाकशाचा होतो आणि भोगीच्या भाजीत काय काय पडतं, याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. दोन्हींत समान भाज्या किती, ते मोजावं. मग भेंडी, कांदा आणि बटाट्याचे ठसेकाम. प्रत्येक ठशाखाली भाजीचं नाव लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पहिलं अक्षर गिरवायचं.

४. सावली आणि लांब रात्र. हा विषय २१-२२ डिसेंबरच्या आसपास घ्यावा. तेव्हा मुंबईतला दिवस सगळ्यात लहान, सुमारे ११ तासांचा असतो. त्या आठवड्यात कट्टा तासभर उशिरा भरवून गच्चीवर जावं. दुपारी साडेबाराच्या सुमारास एक मीटरच्या उभ्या काठीची सावली जवळजवळ ९२ सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यावर त्याच वेळी ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. खडूने एकमेकांच्या सावल्या आखायच्या आणि त्या जागेवर तारीख लिहून ठेवायची. खाली येऊन पुठ्ठ्याच्या सावली-बाहुल्या करायच्या आणि टॉर्चच्या उजेडात वाचलेलीच गोष्ट पुन्हा सांगायची.

५. चांदणी आणि गोष्टीची संध्याकाळ. साने गुरुजींचा जन्मदिवस आणि नाताळ एका दिवसाच्या अंतराने येतात. या आठवड्यात पुस्तकाशिवाय, नुसती तोंडी गोष्ट सांगावी. उपनगरांतल्या जुन्या गावठाणांत आणि गोराईसारख्या गावांत राहणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांची बोलीही मराठीचीच. शेजारी असं घर असेल तर तिथल्या आजींना नाताळच्या आठवणी सांगायला बोलवावं. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या काड्या आणि कागद टाकून न देता त्यांचीच चांदणी करावी.

६. मग बर्फाचं काय? बर्फ वगळायचा नाही, तो ‘लांबचा’ म्हणून आणायचा. एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक १९६२ मध्ये आलं. शहरात बर्फ पडतो आणि एक छोटा मुलगा तो पाहायला बाहेर पडतो, एवढीच त्याची गोष्ट. सांताक्रूझचा ७.४ अंशांचा विक्रमही त्याच वर्षाचा! चित्रं दाखवत ती गोष्ट मराठीत सांगता येते. मग स्टीलच्या ताटलीत बर्फाचे खडे ठेवून कोणता आधी वितळतो त्याची पैज लावावी: नुसता, मीठ घातलेला की लोकरी कापडात गुंडाळलेला? लोकर ऊब ‘देते’ असं मुलांना वाटत असतं. लोकरीतला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो तेव्हा स्वेटर नेमकं काय करतो ते न सांगता कळतं.

७. पतंग आणि तिळगूळ. १४ जानेवारीच्या आधीचा आठवडा. कागद, बांबूची काडी आणि शेपटी यांचा वीतभर पतंग करावा. मांजा नाही, साधा दोरा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. या मांजाने पक्षी कसे जखमी होतात ते मुलांना सांगावं, दुसऱ्या आठवड्यातले पाहुणे त्यांना आठवत असतातच. लहान भावंडाचं बोरन्हाण असेल तर कागदी मण्यांचे दागिने करता येतात. हलव्याचे खरे दागिने कसे होतात ते एखाद्या काकूंकडून ऐकावं. तिळावर पाक चढवत मंद आचेवर काटा आणायला केवढा धीर लागतो, ही स्वतःच एक गोष्ट आहे.

८. आपलं पुस्तक. एका कोऱ्या कागदाला तीनदा दुमडलं की आठ चौकोन पडतात. कागद उघडून लांबीत अर्धा दुमडावा आणि घडीच्या रेषेवर मधल्या दोन चौकोनांपुरती चीर द्यावी. चीर उभी धरून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांचं पुस्तक तयार. पहिल्या पानावर नाव, पुढच्या सहा पानांवर सहा आठवड्यांची सहा चित्रं आणि प्रत्येकाखाली एक ओळ, शेवटच्या पानावर ‘पुढे काय वाचायचं’. पालकांना बोलवावं आणि मुलांनी आपापलं पुस्तक त्यांना दाखवावं. ज्याला वाचता येत नाही तो चित्रं दाखवून सांगेल. तेही वाचनच.

सुरक्षिततेत कुठे चूक होते?

बियांची हस्तकला सुंदर दिसते, पण नियम हवेत. लाल-काळ्या गुंजा कितीही आकर्षक असल्या तरी वापरायच्या नाहीत. त्यांत अत्यंत जहरी विष असतं आणि बी चावलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. कण्हेरीची पानं-फुलंही नकोत. तीन वर्षांखालचं भावंड सोबत येत असेल तर चिंचोके, मणी, शेंगदाणे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. नाकात आणि घशात अडकणाऱ्या वस्तू याच. कात्र्या बोथट टोकाच्या, आणि मोजून दिल्या तशा मोजून परत घ्याव्यात. तीळ आणि शेंगदाणे यांची अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून खाऊ देण्याआधी नोंदवही पाहावी.

हवेचाही विचार हवा. थंडीत वारा मंदावतो आणि धूळ-धूर जमिनीलगत साचून राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक दिसतो. तो २०० च्या वर म्हणजे ‘खराब’ गटात असेल तर त्या दिवशी गच्ची टाळून आतच बसावं. दम्याचा त्रास असलेल्या मुलांसाठी हे विशेष महत्त्वाचं.

खर्च कशावर करायचा?

रद्दी, जुनी कापडं, खोके, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे आणि बिया फुकट मिळतात. गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ घरी होते. तीच खळ खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून लावली तर फेव्हिकॉलची बाटली महिनाभर पुरते. विकत घ्यायचं ते कार्डशीट, खडू, रंग आणि कात्र्या. वर्गणी काढलीच तर तिचा मोठा वाटा पुस्तकांवर जावा. चकचकीत कागद एका रविवारी संपतो, पुस्तक पुढच्या हिवाळ्यातही कामाला येतं.

कट्टा बंद का पडतो?

सहसा चार कारणं असतात.

पहिलं, हस्तकला वाचनाला गिळून टाकते. दर आठवड्याला आधीपेक्षा भारी वस्तू करण्याच्या नादात गोष्ट पाच मिनिटांत उरकली जाते. यावर उपाय एकच: हस्तकला नेहमी गोष्टीतून निघालेली असावी आणि वेळ संपली की ती अर्धवट घरी जावी.

दुसरं, पालकच वस्तू करून देतात. मुलाचा रोहित पाच पायांचा झाला तर होऊ द्यावा.

तिसरं, स्पर्धा आणि बक्षिसं. ‘सर्वोत्कृष्ट’ ठरवलं की अकरा मुलं हरतात.

चौथं, कॅमेरा. रील चांगली व्हावी म्हणून मुलांना थांबवून, वळवून, हसायला लावलं की कट्टा त्यांचा राहत नाही. मुलांचे चेहरे, नावं आणि सोसायटीचा पत्ता एकत्र दिसेल असं काही पालकांच्या संमतीशिवाय टाकूच नये. गोधडीच्या भिंतीचा किंवा रंगलेल्या हातांचा फोटो पुरेसा बोलका असतो.

जमलं हे कसं ओळखायचं?

किती वस्तू झाल्या यावरून नाही. एक साधी वही ठेवावी: कोणी कोणतं पुस्तक नेलं, परत आणलं का आणि तेच पुन्हा मागितलं का. आठव्या आठवड्यापर्यंत बारांपैकी सात-आठ मुलं स्वतःहून पुस्तक निवडत असतील तर कट्टा जमला. एखादं मूल घरी आईला म्हणालं, ‘हे बघ, इथे ग आहे, गोधडीचा ग,’ तर त्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

संक्रांत संपली की गोधडीचे चौकोन उतरवून ठेवायचे आणि पुस्तकं मात्र चालू ठेवायची. महिन्यातून एक रविवार पुरतो. फेब्रुवारीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काटेसावर फुलते, मेच्या मध्यावर गच्चीवरची सावली गायब होते, जूनमध्ये पाऊस येतो. प्रत्येक ऋतूची एक गोष्ट असतेच, आणि ती वाचायला शिकलेली मुलं आता तयार असतात.